वस्तीची गाडी

आपल्याकडे माणूस गाडी चुकवत नाही, गाडीच चुकते. बिचारी वेळेवर येते, दोनदा घंटी होते, दार आपटतं, ती निघून जाते, आणि वर दोषही तिलाच. फेब्रुवारीतल्या एका सकाळी महाडच्या एसटी स्टँडवर माझी अशी गाडी चुकली. बाहेर चहा सांगितला, चहाबरोबर वडा घेतला, वड्यावर पुन्हा चहा. आणि आत येऊन बघतो तर पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या गावाला थेट जाणारी सकाळची एकुलती एक गाडी फलाट सोडून गेलेली. चौकशीच्या खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "आता वस्तीचीच. पोलादपूरवरून, संध्याकाळी."

वस्तीची गाडी म्हणजे जी रात्री गावातच मुक्काम करते. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या ओट्यावर पथारी टाकतात आणि उजाडताना तीच गाडी शाळेची पोरं, दवाखान्याची म्हातारी माणसं घेऊन परत फिरते. म्हणजे माझ्या हाताशी जवळजवळ सगळा दिवस रिकामा होता. खांद्याला पिशवी, पिशवीत आत्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या, एक किलो बेसन आणि सहा डिसेंबरला चैत्यभूमीबाहेरच्या स्टॉलवर घेतलेलं, अर्ध्यावर राहिलेलं एक पुस्तक.

महाड मी जन्मापासून बघतोय, पण खिडकीतून. गणपतीला, शिमग्याला, लग्नाकार्याला मुंबईहून गावी जाताना मधे लागणारं, लघवीला उतरण्याचं गाव. चवदार तळं स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर, गाडी चुकल्यावर कळलं. लाज वाटण्यासारखीच गोष्ट, पण आहे ती अशी आहे.

तळ्याला आता बांधीव काठ आहे, पायऱ्या आहेत, बाबासाहेबांचा पुतळा आहे. वीस मार्चला इथं मुंगीला पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी मात्र मी, झाडाखाली पेपर वाचणारे एक गृहस्थ आणि विदर्भातून आलेलं एक म्हातारं जोडपं, एवढेच होतो. आजींनी चपला वरच्या पायरीला काढल्या, पदर खोचला, खाली उतरून ओंजळभर पाणी घेतलं आणि डोळ्यांना लावलं. आजोबा वरून म्हणाले, "सांभाळून वो, शेवाळ हाय." आजींनी दुसरी ओंजळ घेतली आणि त्यांच्या टकलावर शिंपडली. ते हसले. मग दोघं बराच वेळ काही न बोलता बसून राहिले.

मीही बसलो आणि पुस्तक उघडलं. ते रामचंद्र बाबाजी मोरे यांचं. कॉम्रेड आर. बी. मोरे. चवदार तळं म्हटलं की बाबासाहेब आठवतात, आणि तेच बरोबर आहे. पण बाबासाहेबांना या गावात आणण्यासाठी ज्यानं वर्षानुवर्षं धोशा लावला, तो हा माणूस इथलाच. जन्म १ मार्च १९०३, महाडजवळच्या लाडवलीत, वाढला दासगावात.

त्याची गोष्ट सुरू होते ती एका शाळेच्या दारात. १९१४ साली हा अकरा वर्षांचा मुलगा अलिबागला जाऊन स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसला आणि पास झाला. आज एसटीनं गेलं तरी जाऊन-येऊन दिवस मोडतो. त्या काळी महारवाड्यातलं पोर दासगावाहून अलिबागला परीक्षेला गेलं, यातच निम्मी परीक्षा झाली म्हणायची. पुढचं शिक्षण महाडच्या इंग्रजी शाळेत घ्यायचं होतं. शाळेनं जागा नाही म्हटलं नाही, मार्क कमी आहेत म्हटलं नाही. अस्पृश्य आहे म्हणून घेत नाही, म्हटलं. इमारत भाड्याची होती आणि घरमालकाला असला विद्यार्थी चालणार नव्हता.

अशा वेळी अकरा वर्षांचं मूल काय करील? रडेल, घरी जाईल, गुरं राखील. या मुलानं वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. ते छापून आलं. बोभाटा झाला आणि शाळेला दार उघडावं लागलं. उघडलं तेही पुरतं नाही; बसवलं इतर मुलांपासून वेगळंच. शिक्षण काही शेवटाला गेलं नाही.

याच तालुक्यात, रायगडाच्या वाटेवर, नाते नावाचं गाव आहे. तिथं १४ जानेवारी १८९६ ला चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले. सी. डी. देशमुख. १९१२ ला मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, १९१८ ला आयसीएसच्या परीक्षेत पहिले, १९४३ ला रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. लाडवली आणि नाते रायगडाच्या एकाच वाटेवर, आणि जन्मात अंतर सात वर्षांचं. देशमुखांच्या बुद्धीबद्दल शंका घ्यायची माझी प्राज्ञा नाही. पण मला राहून राहून वाटतं, लाडवलीच्या पोराला शाळेनं सरळ आत घेतलं असतं तर तो काय झाला असता? मामलेदार कचेरीत कारकून, फार तर हेडक्लार्क. मुंबईत चाळीत दोन खोल्या, पेन्शन. म्हणजे बरं आयुष्य. त्याचं भलं झालं असतं आणि आपल्याला त्याचं नाव ठाऊक नसतं.

याला 'हुकलेली संधी' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. नेम हुकतो, तो धरणाऱ्याचा हात हलला म्हणून. झेल सुटतो, तो झेलणाऱ्याच्या हातून. मोऱ्यांचा हात हलला नव्हता. त्यांनी झेल घेतला होता, टाळ्या वाजायच्या ऐवजी पंचानं त्यांना मैदानातून बाहेर काढलं. पण मराठी व्याकरण मोठं सोयीचं आहे. 'संधी हुकली' म्हटलं की वाक्यात दुसरं कुणी उरतच नाही. संधी आली, संधीच हुकली, बाकी सगळे हात धुऊन मोकळे.

अकरा वाजले होते. ऊन चढत होतं. म्हटलं, दासगाव बघून येऊ.

महाडहून दासगाव मुंबईच्या दिशेनं आठेक किलोमीटर. मिनीडोरवाल्यानं मला पुढं स्वतःशेजारी अर्ध्या सीटवर बसवलं. हायवेला काटेसावर फुलली होती. पानं एक नाही आणि लाल फुलांनी फांद्या वाकलेल्या. ड्रायव्हरनं विचारलं, "दासगावात कोनाकडं?" म्हटलं, कुणाकडे नाही, गाव बघायचंय. त्यानं आरशातून मागच्या बायकांकडे बघितलं. "बघन्यासारका काय हाय तिथं? खाडी हाय."

खाडीच बघायची होती. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि दासगावाशी ती नदीची खाडी होते. पुढे बाणकोटला समुद्र. रस्ते नव्हते तेव्हा मुंबईचा माणूस महाडला यायचा तो या पाण्यावरून. मी पोचलो तेव्हा ओहोटी होती. चिखल उघडा पडलेला, त्यावर निवट्या उड्या मारत होत्या, तिवरांच्या मुळ्यांत एक प्लास्टिकची खुर्ची तीन पायांवर अडकून बसलेली. बंदर असेल अशी कल्पना करायला बरीच मेहनत घ्यावी लागली. काठावर जाळं दुरुस्त करत बसलेले एक काका मदतीला आले.

"माझा बाप सांगायचा, लाँच इथपावत यायची. पन पान्यावर हां. पानी चुकला की बसा चिकलात सा तास."

पाणी चुकला. गाडीसारखंच पाणीही चुकतं इथं.

दासगाव साधं गाव नव्हे. कोकणातले पुष्कळ महार ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात होते. पलटणीत शाळा असायची, सक्तीची. त्यामुळं पेन्शन घेऊन गावी परतलेला सुभेदार-हवालदार लिहिता-वाचता असायचा. गोपाळबाबा वलंगकर त्यांतलेच. महाडजवळच्या रावढळचे, लष्करातून निवृत्त झाले १८८६ ला आणि राहिले दापोलीत. जोतिबांच्या विचारांचे. १८८८ ला त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहून धर्ममार्तंडांना सरळ प्रश्न विचारले. पुढे सरकारनं महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा तिच्याविरुद्ध अर्ज लिहिणारेही हेच. १८९५ ला महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, त्यावरही गहजब. मोरे जन्मायच्या आधीच वलंगकर गेले. पण ज्या मुलखात असा म्हातारा होऊन गेला, त्या मुलखातलं अकरा वर्षांचं पोर वर्तमानपत्राला पत्र लिहितं यात मग फारसं नवल वाटत नाही. पत्र लिहायचं असतं, हे तिथं हवेतच होतं.

शाळा सुटल्यावर मोऱ्यांचं जे आयुष्य सुरू झालं त्याला साहसकथा म्हणावं की वणवण, हे वाचणाऱ्याच्या पोटात अन्न आहे की नाही यावर अवलंबून आहे. मुंबई. मिळेल ते काम. गोदीत राबणं. मधेच पुन्हा गाव. महाडच्या बाजाराला आसपासच्या खेड्यांतून शेकडो अस्पृश्य माणसं लाकूडफाटा, गवत घेऊन यायची. दिवसभर उन्हात, आणि पाणी प्यायची सोय कुठे नाही. त्यांच्यासाठी बाजारात चहाचं दुकान काढायची खटपट मोऱ्यांनी केली. वरवर बघता ते हॉटेल, पण खरं तर पाणपोई, आणि त्याहून खरं म्हणजे चळवळीचं ऑफिस. कारण चहा पिता पिता माणूस बोलतो. चहाच्या नादात माझी एसटी गेली होती; त्या दुकानातल्या चहानं तळ्यापर्यंत वाट काढली.

सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कौन्सिलात १९२३ ला पास झाला होता. महाड नगरपालिकेनं १९२४ ला तळं खुलं केलं, कागदावर. पाण्यापर्यंत जायची कुणाची छाती नव्हती. मोरे तेव्हापासून बाबासाहेबांच्या मागे लागले: महाडला परिषद घ्यायची, तुम्ही यायचं. मधल्या काळात दासगावच्या क्रॉफर्ड तळ्यावर लोकांनी पाणी पिऊन पाहिलं. रंगीत तालीमच ती. अखेर १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली. मोऱ्यांना नुकतं चोविसावं वर्ष पुरं झालं होतं.

परिषदेच्या हिशेबातली एक रक्कम माझ्या डोक्यातून जात नाही. माणसांना प्यायला पाणी विकत घ्यावं लागलं. चाळीस रुपयांचं पाणी. ते विकत मिळालं सवर्णांकडून, आणि गावाच्या मधोमध तळं भरलेलं. दुसऱ्या दिवशी सगळे त्या तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. मग गावात आवई उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार; परत येऊन जेवायला बसलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या, शिजलेलं अन्न मातीत गेलं.

आमचं घराणं पोलादपूरचं, मराठ्यांचं. आजोबा महाडच्या बाजाराला नेमानं जायचे, हे घरात शंभरदा ऐकलंय; बैल कसा घेतला, मिठाचा भाव काय होता, सगळं. वीस मार्चला आमच्यातलं कुणी बाजारात होतं का, आणि असलं तर त्याच्या हातात काय होतं, हे मला कुणी सांगितलेलं नाही. मीही कधी विचारलं नाही.

"इथं आंबेडकर उतरले हुते," काका जाळ्यातून मान न काढता म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं. मिनीडोरवाल्यानं कुणाला तरी सांगितलं असणार की एक माणूस खाडी बघत फिरतोय. ते बरोबर सांगत होते. डिसेंबरातल्या दुसऱ्या परिषदेला बाबासाहेब मुंबईहून बोटीनं दासगावला आले, २५ तारखेला दुपारी. स्वागताला हजारो माणसं थांबलेली, आणि इथून सगळे चालत महाडला गेले. पाच मैल. त्याच रात्री मनुस्मृती जाळली गेली. पाणी पिण्याचा हक्क कोर्टात शाबीत व्हायला मात्र १७ मार्च १९३७ उजाडावा लागला. दहा वर्षांना तीन दिवस कमी. त्या दुपारी या चिखलाच्या काठावर उतरून घेणाऱ्यांत दासगावचा तो शाळा अर्धवट राहिलेला पोरगा असणारच, असं मी मनाशी धरून चाललो.

पुढं १९३० ला मोरे कम्युनिस्ट झाले. बाबासाहेबांवरची भक्ती तशीच ठेवून. दोन घरचा पाहुणा उपाशी अशी म्हण आहे. हे गृहस्थ चाळीस वर्षं दोन्ही घरांत जेवले आणि दोन्ही घरांत थोडे परके राहिले. पक्षाला जातीच्या प्रश्नावर लेखी निवेदनं देत राहिले, आणि वस्तीतल्यांना कामगारांच्या लढ्याबद्दल सांगत राहिले. १९६५ ला त्यांनी 'जीवनमार्ग' साप्ताहिक काढलं. ११ मे १९७२ ला वारले. आत्मचरित्र लिहायला घेतलं होतं, ते अर्ध्यावर राहिलं; उरलेलं आयुष्य मुलानं, सत्येंद्र मोऱ्यांनी, लिहून काढलं आणि बापाच्या लेखनाला जोडलं. माझ्या पिशवीतलं पुस्तक ते हेच. मीही नेमका त्या जोडावर थांबलो होतो.

परत महाड, आणि तिथून पोलादपूरची गाडी. दोन्हीकडून लोक चढले, मधे सुक्या मासळीचा वास, खिडकीच्या काचेला रंगाचा डाग. सावित्रीच्या पुलावर शेजारच्या बाईंनी हात जोडले. मीही नकळत जोडले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला इंग्रजांच्या वेळचा दगडी पूल पुरात गेला आणि दोन एसटी, एक तवेरा त्याबरोबर. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. त्या दोन गाड्या कोकणातून मुंबईकडे निघाल्या होत्या. वाटेतल्या एखाद्या स्टँडवर चहा पीत राहिलेला, गाडी चुकल्याबद्दल स्वतःला शिव्या देणारा कुणी असेल का, असं दर वेळी वाटतं आणि दर वेळी तो विचार मी पुलाबरोबरच मागे टाकतो.

पोलादपूरला दीड तास हाताशी होता. इथं कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवरायांच्या आज्ञेवरून संस्कृतात 'शिवभारत' लिहिणारा कवी. हे परमानंद घरात बसून श्लोक जुळवणारे नव्हते. महाराज आग्र्याहून निसटले त्या धामधुमीत यांना परतीच्या वाटेवर राजपुतान्यात अटक झाली होती. एवढं सगळं बघितलेल्या माणसाचा ग्रंथ बत्तिसाव्या अध्यायात नवव्या श्लोकाशी थांबतो. गोष्ट १६६१ च्या शृंगारपुरापर्यंत येते आणि पुढं कोरं. आग्रा नाही, राज्याभिषेक नाही. समाधीपुढं कुणी तरी ताजी झेंडूची माळ घातली होती. एक मुलगी तिथल्या पायरीवर बसून मोबाइलवर गाणं लावून गणितं सोडवत होती. मी पिशवीतलं पुस्तक चाचपलं. वीस किलोमीटरच्या टापूत अर्धी राहिलेली दोन पुस्तकं, एक संस्कृत, एक मराठी. उगाच काहीतरी जुळवत बसायची खोड, दुसरं काय.

वस्तीची गाडी सहाला लागली. कापड्यापर्यंत अर्धी रिकामी झाली. तिथून उमरठचा फाटा लागतो. तानाजी मालुसऱ्यांचं गाव, त्यांची समाधी तिथंच. सिंहगडावरून त्यांचा देह ज्या घाटानं खाली आणला त्याला मढे घाट नाव पडलं, असं आमच्याकडे सांगतात. लहानपणी आम्ही उमरठला सहलीला जायचो आणि रायबाच्या लग्नाचं पुढं काय झालं असेल यावर भांडायचो. मास्तर म्हणायचे, झालं असेल कधीतरी, चला रांगेत.

आत्या अंगणात उभी होती. अंधारात माझ्या पावलांवरून ओळखलं तिनं.

"सकालच्यान वाट बघत्ये. गाडी चुकली काय?"

"चुकली."

तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, वर लसणीची फोडणी. भाकरी थापताना तिचे हात अजून एका लयीत फिरतात. परातीच्या कडेला ओलं बोट, एक टिचकी, आणि भाकरी तव्यावर. मी दिवसभराचं सांगत होतो. तळं, खाडी, अकरा वर्षांचा मुलगा, शाळेचं दार. ती ऐकत होती. शाळेचं ऐकून म्हणाली, "मी पन चौथीला पयली आल्येली. पुढची शाला पोलादपूरला."

हे मला नवीन होतं. चोपन्न वर्षांत नवीन. "मग? संधी हुकली म्हणायची."

तिनं उलथन्यानं भाकरी फिरवली. "हुकली कुठली? माज्या बापानं घरात बसवली. दादाला धाडला, मला बसवली." दादा म्हणजे माझे वडील. बाप म्हणजे बाजाराला नेमानं जाणारे, बैलांची पारख असणारे माझे आजोबा. भाकरी फुगली, तिनं ती माझ्या ताटात टाकली आणि वर तुपाची धार धरली. "खा गरम हाय तवर."

मी आजोबांच्या बाजूनं काहीतरी बोलणार होतो. त्या काळी, नदीला उतार, मुलीची जात, असलं काहीतरी. तोंडात घास होता म्हणून बरं झालं.

आत्यानं पिशवीतून गोळ्या काढून मोजल्या, बेसन डब्यात ओतलं, पुस्तक दिव्याजवळ धरून मुखपृष्ठावरचा फोटो निरखला आणि ते माझ्या उशाशी ठेवलं. बाहेर मारुतीच्या देवळाशी गाडी उभी होती. कंडक्टर टपावर चढून कसलीशी बोचकी खाली देत होता, त्याच्या बॅटरीचा उजेड पिंपळावर हलत होता.

दिवा मालवताना ती म्हणाली, "सकालची साडेसाला सुटते. चुकवू नको."